ज्वारीचा पाय, प्लायची शीट आणि गेमिंगचा पीसी: एका वीकएंडचं प्रकरण

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांनी ज्वारीला एका हाताने उभं धरलं आणि तिच्या मागच्या डाव्या पायाचा तळवा मला दाखवला. मसुराच्या दाण्याएवढा लाल, गुळगुळीत, चकचकीत डाग. कातडी अजून फुटलेली नव्हती. ज्वारी म्हणजे आमची पांढरी गिनी पिग, तिच्याबरोबर बाजरी असते, ती करड्या रंगाची, दोघी मादी, दोघी दोन वर्षांच्या आसपास. मी तिला फक्त नखं कापायला नेलं होतं. डाग मला घरी दिसलाच नव्हता, कारण तळवा आपण उचलून बघतो कधी, आणि हे प्राणी सुरुवातीला दुखलं तरी लंगडत नाहीत, खातात पितात, शिट्टी मारतात, सगळं नेहमीसारखं.

डॉक्टरांनी विचारलं, "पिंजरा कसला आहे?" मी फोनवर फोटो दाखवला. दुकानातून घेतलेला, दोन फूट बाय दीड फूट, तळाला तारेची जाळी, जाळीखाली सरकता ट्रे. त्यांनी फोटो दोन सेकंद बघितला आणि म्हणाले, "औषध मी देतो, पण आधी जमीन बदला. आठवडाभरात बदला."

त्या वाक्यापासून रविवारी रात्रीपर्यंत जे झालं ते मी इथे सगळं लिहितोय, मापांसकट, खर्चासकट आणि जे परत करावं लागलं त्याच्यासकट, कारण असे तारेचे पिंजरे पुण्यात कितीतरी घरात आहेत आणि विकणारा माणूस हे सांगत नाही.

आधी पायाचं समजून घ्या. गिनी पिगच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन, आणि तळवा उघडा असतो, सशासारखी केसांची गादी त्याला नसते. जवळजवळ एक किलोचं जनावर दिवसरात्र बारीक तारेवर उभं राहिलं की सगळं वजन त्या दोन-चार रेषांवर येतं, त्यात लघवीचा ओलावा, त्यात नखं वाढलेली असली की पाऊल वाकडं पडतं. मग तळवा लाल होतो, मग जाड होतो, मग फुटतो आणि जंतू आत जातात. ह्याला बंबलफूट म्हणतात. हाडापर्यंत गेलं तर महिनोन्‌महिने ड्रेसिंग आणि तरी पूर्ण बरं होईल ह्याची खात्री नाही. आमचं पहिल्या पायरीवर सापडलं, हे नशीब.

डॉक्टरांनी अजून दोन गोष्टी सांगितल्या. एक, वजन. ज्वारी ९४० ग्रॅम भरली, तिच्या अंगाच्या मानाने जास्त, बाजरी ७८०. दुसरी, सी व्हिटॅमिन. माणसासारखंच गिनी पिगलाही सी व्हिटॅमिन शरीरात तयार करता येत नाही, ते रोज खाण्यातूनच जावं लागतं, किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम, आणि कमी पडलं तर जखमा भरत नाहीत. हिरव्या सिमला मिरचीत १०० ग्रॅमला ८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे रोज प्रत्येकीला एक मोठी फोड, २५ ग्रॅमची, दिली की काम होतं, वर कोथिंबीर. पाण्यात थेंब टाकायची पद्धत आहे पण उजेडात आणि पाण्यात ते व्हिटॅमिन लवकर मरतं, त्यापेक्षा मिरची बरी. आणि हे अगदी ठळक लक्षात ठेवा, घरातलं माणसाचं अँटिबायोटिक गिनी पिगला कधीही देऊ नका, तोंडातून दिलेलं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन त्यांच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं आणि त्यात जनावर दगावतं. लाल पाय बघून कोणीतरी घरगुती उपाय करणारच, म्हणून लिहिलं.

शुक्रवार रात्र

शुक्रवारी भाचा आला. पाचवीत आहे, महिन्यातून एक वीकएंड आमच्याकडे असतो आणि त्या वीकएंडला आम्ही दोघं प्लॅनेट झू खेळतो, हे ठरलेलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा फ्रंटियर डेव्हलपमेंट्सचा गेम, नोव्हेंबर २०१९ मध्ये आला, ह्यात प्राणिसंग्रहालय बांधायचं असतं आणि तेही प्राण्याच्या बाजूने विचार करून. प्रत्येक प्राण्याला किती जागा, जमिनीवर गवत किती माती किती, आडोसा आहे का, तापमान जमतंय का, सोबतीला किती जण हवेत, खेळायला काय आहे, ह्या सगळ्याचे स्क्रीनवर बार, म्हणजे रंगीत पट्ट्या, असतात आणि काही चुकलं की बार लाल होतो. कुंपणसुद्धा जुनं होत जातं, मेकॅनिक पाठवून दुरुस्त केलं नाही तर प्राणी बाहेर. मला हा गेम मनापासून आवडतो. लोक गेमला वेळ घालवणं म्हणतात, पण "ह्या प्राण्याला काय लागतं" हा प्रश्न पहिला विचारायची सवय मला ह्याच गेमने लावली.

भाच्याचा सध्याचा लाडका प्राणी कॅपिबारा, तो २०२२ च्या वेटलँड्स पॅकमध्ये, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या नवीन प्राण्यांच्या संचात, आला. मी त्याला सांगितलं की कॅपिबारा आणि गिनी पिग एकाच कुळातले आहेत, फक्त तो मोठा झाला की ५० किलोच्या आसपास जातो. तो खुर्चीवरून उठून ज्वारीकडे बघायला गेला. परत येऊन म्हणाला, "मग हिच्या घरात पण तळं करूया." तळं नाही म्हटलं. कॅपिबारा पाण्यातला, गिनी पिग कोरड्यातली, आणि आमचा तर सगळा आजारच ओल्या तळव्याचा.

मग मी त्याला पाय दाखवला. त्याने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मामा, गेममध्ये लाल बार दिसतो. हिचा कुठे दिसतो?"

ह्या प्रश्नावर मी त्या रात्री बराच विचार केला. गिनी पिग हे निसर्गात दुसऱ्याचं भक्ष्य असलेलं जनावर, आजार दिसला की शिकारी त्यालाच उचलतो, त्यामुळे दुखणं लपवणं हे त्यांच्या रक्तात आहे. म्हणजे बार आपणच तयार करायचे. मी तिथेच तीन ठरवले, दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन, दर रविवारी तळव्याचा फोटो, आणि पिंजऱ्याजवळ थर्मामीटर. तिसरा त्याच रात्री कामाला आला.

झालं असं की नवीन घर कुठे ठेवायचं हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, हॉलमध्ये माझ्या कॉम्प्युटर टेबलाला लागून. जागा रिकामी, मी संध्याकाळी तिथेच असतो, लक्ष राहील. रद्दीतले पेपर जमिनीवर पसरून पाच फूट बाय अडीच फूट आखलं, भाचा त्यात आडवा झोपून बघून आला, मस्त बसत होतं. सहज म्हणून थर्मामीटर तिथे ठेवला, साडेआठला २७.५ अंश. आम्ही दोन तास खेळलो. साडेदहाला बघतो तर ३१.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा २८ होतं. कारण साधं आहे, टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला पीसी आणि त्याचा मागचा पंखा नेमका त्या कोपऱ्यात गरम हवा फेकतो. गेम चालू असताना पीसी साडेतीनशे वॅट खात असेल तर ते सगळे साडेतीनशे वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतात, दुसरीकडे जातात कुठे, म्हणजे मी गिनी पिगच्या शेजारी एक छोटा हीटर लावून खेळत होतो. ह्यांना १८ ते २४ अंश सुखाचे, ३० च्या वर गेलं की उष्माघाताची भीती सुरू, घाम त्यांना येत नाही. फेब्रुवारीचा शेवट होता. एप्रिलमध्ये तो कोपरा काय झाला असता ह्याचा विचार करवत नाही.

आणि मग इतर गोष्टी पण दिसायला लागल्या. टेबलामागे स्पाइक गार्ड आणि आठ-नऊ वायरी लोंबतायत, दात सतत वाढणाऱ्या प्राण्याला वायर म्हणजे चावायची काडी. सबवूफर जमिनीवर, त्याची धडधड फरशीतून जाते. गिनी पिगचे कान आपल्यापेक्षा फार तिखट, आपल्याला ऐकूच न येणारे उंच आवाज त्यांना येतात. घर किती फुटाचं बांधतोय एवढंच मी बघत होतो, घराबाहेर काय आहे ते बघितलंच नव्हतं. पेपर उचलले आणि समोरच्या आतल्या भिंतीला नेऊन परत पसरले. तिथे ऊन येत नाही, वायर नाही, आणि माझ्या खुर्चीतून सरळ दिसतं.

आई पाणी प्यायला उठली होती, तिने ते पेपर बघितले. "हॉलमध्ये? अरे, वास येईल ना."

"जाळीखालच्या ट्रेचा यायचा आई, हे रोज साफ करणार."

"तू करणार का मी?" एवढं म्हणून ती झोपायला गेली. रास्त प्रश्न होता, त्याचं उत्तर पुढे येईल.

शनिवार

सकाळी दहाला भवानी पेठेत, टिंबर मार्केट. बारा एमएमचा प्लाय, आठ बाय चारची एक पूर्ण शीट, २१०० रुपये. आमच्या लिफ्टमध्ये आठ फुटी शीट जात नाही आणि माझ्याकडे हाताची करवत, त्यामुळे तिथेच मशीनवर कापून घेतली, १५० रुपये जास्तीचे, पण कड अशी सरळ येते की घरी जन्मात आली नसती. कापायचा हिशोब रात्रीच कागदावर केला होता. तळ पाच बाय अडीच. त्याच्या बाजूची पाच फुटी, दीड फूट रुंदीची पट्टी उभी चिरली की नऊ-नऊ इंचाच्या दोन लांब भिंती. उरला तीन बाय चारचा तुकडा, त्यातून चार फुटी दोन पट्ट्या, आखूड भिंतींसाठी, आणि तरी दीड बाय चार शिल्लक, त्यात आतलं छोटं घर. करवतीच्या पात्यात प्रत्येक कापाला दोन-तीन एमएम जातात, ते धरून चाला.

साडेबारा चौरस फूट झाले. दोन गिनी पिगसाठी कमीत कमी साडेसात चौरस फूट असं सगळीकडे सांगतात आणि साडेदहा असेल तर उत्तम. आमचा जुना पिंजरा तीन होता. तीन! दोन वर्षं त्या दोघी त्यात होत्या आणि मला वाटायचं ह्या शांत स्वभावाच्या आहेत.

एक गोष्ट लाकडाबद्दल. तिथे एकाने पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीच्या, जुन्या फळ्या जवळजवळ फुकट देऊ केल्या. घ्यायच्या असतील तर त्यावरचा शिक्का बघा, एचटी असेल तर ते लाकूड फक्त तापवून किडमुक्त केलेलं असतं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायू मारलेला, तो प्राण्यांसाठी नको. शिक्का नसेल तर सोडूनच द्या. मी सोडल्या.

तिथून बोहरी आळी. एक इंची चौकोनाची वेल्डमेश जाळी, बिजागऱ्या, कडी, स्क्रू, केबल टाय. जाळी ४८०, बाकी सगळं मिळून ४००. दुकानातल्या काकांनी जाळी मोजता मोजता विचारलं, "पोपटाला का?" म्हटलं नाही, पोपट पाळणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आपला हिरवा पोपट, स्टार कासव, मुनिया, सगळे त्यात येतात. त्यांना खरंच माहीत नव्हतं, म्हणाले रोज दोन-तीन जण पोपटासाठीच जाळी नेतात. भाचा शेजारी उभा होता, त्याने विचारलं मग ज्वारी चालते का, चालते, गिनी पिग हजारो वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरात माणसाळवलेला प्राणी, जंगलातून पकडून आणलेला नाही.

तळाच्या ट्रेसाठी सनपॅकची, म्हणजे पुठ्ठ्यासारख्या आतून पोकळ प्लास्टिकची, शीट बोर्ड-बॅनर बनवणाऱ्याकडे मिळाली, पाच एमएम, आठ बाय चार, ५५०. तिला मात्र वळवता येतं म्हणून टॅक्सीत आली. आणि फ्लीसची दोन पातळ ब्लँकेट, ३५० ला एक.

फ्लीसबद्दल थोडं थांबून सांगतो कारण इथे लोक हमखास फसतात. दुकानातून आणलेलं नवीन फ्लीस पाणी वर धरून ठेवतं, थेंब मोत्यासारखे पळतात. आपल्याला हवं ते उलटं, लघवी लगेच खाली जाऊन खालच्या टॉवेलने शोषून घेतली पाहिजे आणि वरचं कापड पायाला कोरडं लागलं पाहिजे. त्यासाठी वापरायच्या आधी तीन-चार वेळा गरम पाण्यात धुवायचं, आणि फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, त्याने धाग्यावर थर बसतो आणि परत पाणी अडतं. शनिवारी दुपारपासून मशीन चालूच होतं. प्रत्येक धुण्यानंतर चमचाभर पाणी टाकून बघायचं, चौथ्या धुण्याला ते पाणी मोजून दहा सेकंदात खाली गेलं. ज्वारीच्या पायासाठी ह्या पूर्ण वीकएंडमधलं सगळ्यात मोठं काम हेच होतं, प्लाय वगैरे नंतर.

संध्याकाळी बाल्कनीत जोडणी. आमच्या बिल्डिंगमध्ये एक सुतारकाका राहतात, त्यांच्याकडे गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) मागायला गेलो तर ते स्वतःच आले. प्लायच्या कडेत स्क्रू मारायच्या आधी अडीच एमएमच्या बिटने भोक पाडायचं, सरळ स्क्रू मारला तर प्लायचे थर सुटतात, हे त्यांनी करून दाखवलं. रंग लावू का विचारलं तर म्हणाले, "कशाला? ते चाटणार, कुरतडणार. पॉलिश पेपर मार नीट आणि सोड." तसंच केलं. भिंती नऊ इंच प्लाय, त्यावर सहा इंच जाळीची पट्टी, एकूण सव्वा फूट, गिनी पिग काही मांजरीसारखी उडी मारत नाही आणि आमच्याकडे मांजर पण नाही, म्हणून वर झाकण नाही. जाळी कापल्यावर तारेची जी टोकं राहतात ती कानशीने घासली आणि वर लाकडी पट्टी ठोकली. केबल टायच्या गाठी सगळ्या बाहेरच्या बाजूला. पुढची लांब भिंत बिजागरीवर, खाली पडते, म्हणजे साफ करताना वाकून आत हात घालावा लागत नाही. आईचा प्रश्न डोक्यात होताच.

रात्री गेम नाही खेळलो. भाचा साडेनऊलाच झोपला आणि माझी पाठ धरली होती.

रविवार

सकाळी सनपॅकचा ट्रे. हे काम भाच्याने केलं आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. सहा बाय साडेतीन फुटाचा तुकडा घ्यायचा, चारही बाजूंनी सहा इंच आत रेघ, त्या रेघेवर कटरने फक्त वरचा पापुद्रा कापायचा, आरपार नाही, मग ती बाजू पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी वर वळते. कोपरे दुमडून बाहेरून पॅकिंग टेप. झाला पाच बाय अडीचचा, सहा इंच काठाचा ट्रे, प्लायवर लघवीचा थेंब जात नाही.

मग चार पायांचं स्टँड खाली स्क्रूने पक्कं केलं, दीड फूट उंच, म्हणजे खाली गवताची पोती ठेवता येतील. आणि मग ते आत न्यायला उचललं. बाल्कनीच्या स्लायडिंग दाराची मोकळी जागा तीस इंच. आमचा तळ तीस इंच, पण भिंती तळाच्या बाहेरून लावलेल्या, दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा इंच धरून एकतीस. आडवं करून न्यावं तर उंची सव्वा फूट अधिक दीड फुटाचे पाय, म्हणजे तेहतीस. कुठूनही जात नव्हतं. बारा स्क्रू काढले, स्टँड वेगळं केलं, घर आडवं करून आत नेलं, परत बारा स्क्रू. पाऊण तास गेला. दाराचं माप मी घेतलं होतं, बाहेरून-बाहेर माप नव्हतं घेतलं, टेप लावाल तेव्हा बाहेरचं लावा.

आत काय ठेवलं ते सांगतो. उरलेल्या प्लायचं छोटं घर, दोन दारांचं. एकच दार असलं की ताकदीची असते ती दारात बसते आणि दुसरी आत अडकते, आमच्याकडे ज्वारी हे करते. त्याच कारणाने पाण्याच्या बाटल्या दोन, गवताच्या जाळ्या दोन, लांब-लांब. गवत म्हणजे मुख्यतः वाळलेलं टिमोथी, दिवसभर समोर असलंच पाहिजे, दात त्यानेच झिजतात आणि पोट त्यानेच चालतं. लसूणघास स्वस्त आणि ताजा मिळतो पण त्यात कॅल्शियम फार, मोठ्या झालेल्या गिनी पिगला त्याने मुतखडा होऊ शकतो, तो रोजचा नको. दूर्वा चालतात, फक्त रस्त्याकडेच्या नकोत.

आईने गच्चीतून शहाबादी फरशीचा एक तुकडा आणून दिला, धुऊन, कडा घासून. म्हणाली उन्हाळ्यात ह्याच्यावर पोट टेकतील. आणि एक जुना छोटा माठ, तोंडाच्या बाजूने फुटलेला, तो आडवा ठेवला, कडेला घासून गोल केला. गेममध्ये प्राण्याला उकडलं की कूलर विकत घेऊन ठेवायचा आणि वीज ओढायची, इथे माती आणि दगड, आणि लाइट गेली तरी चालतं.

साडेचारला दोघींना आत सोडलं. जुन्या ट्रेमधलं थोडं वापरलेलं गवत मुद्दाम आत टाकलं होतं, स्वतःचा वास असला की घाबरत नाहीत. तरी दोघी सरळ घरात शिरल्या आणि चाळीस मिनिटं बाहेर नाही. भाचा समोर मांडी घालून बसून राहिला, एक शब्द न बोलता, मला खरंच कौतुक वाटलं. मग बाजरी आली, भिंतीला धरून एक फेरी, मग दुसरी, आणि मग पाच फुटांची सरळ धाव घेऊन मध्येच हवेत उडी, अंगाला झटका देऊन. ह्याला पॉपकॉर्निंग म्हणतात, आनंदात करतात, लाहीसारखं उडतात अगदी. दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं. जुन्या पिंजऱ्यात धावायला जागाच नव्हती तर उडणार कुठून. मी किचनमध्ये जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

रात्री खेळलो, पण बदल करून. फ्रेम रेट, म्हणजे स्क्रीनवर सेकंदाला किती चित्रं येतात ते, तीसवर बांधून टाकला, असल्या गेममध्ये तीसने काही बिघडत नाही आणि ग्राफिक्स कार्ड कमी तापतं, सबवूफरची पिन काढली, दोघं हेडफोनवर. नवीन जागी थर्मामीटर रात्री साडेदहाला २७.५. भाच्याने कॅपिबाराच्या घराला दुसरं दार केलं. गेममध्ये त्याची काही गरज नसते, मी काही बोललो नाही.

त्या रात्री दोनला कुरकुर आवाज आला. बाजरीने सनपॅकच्या ट्रेची वरची कड दोन इंच खाल्ली होती. प्लास्टिक पोटात गेलं असेल ह्या भीतीने मी सकाळपर्यंत जागा होतो, कारण गिनी पिगने खाणं थांबवलं तर बारा तास सुद्धा फार होतात, आतडं बंद पडतं. तुकडे बहुतेक सगळे खाली पडलेले मिळाले, सकाळी तिने मिरची खाल्ली, लेंड्या नेहमीसारख्या, डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले दिवसभर लक्ष ठेवा. सोमवारी ऑफिसनंतर ॲल्युमिनियमचा एल अँगल आणला, २६० रुपये, चारही काठांवर बसवला, तेव्हापासून एक दात लागलेला नाही. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. सनपॅकची उघडी कड आत ठेवूच नका.

सगळा खर्च ४६४० रुपये.

नंतरचे सहा आठवडे

आईच्या प्रश्नाचं उत्तर, मी करतो. रोज सकाळी दहा मिनिटं, छोट्या झाडूने लेंड्या आणि ओलं गवत, दर चार दिवसांनी फ्लीस बदलायचं. तिसऱ्या दिवसापासून वास यायला लागतो हे खरं आहे, म्हणून पाण्याच्या बाटलीखाली आणि घरात फ्लीसचे छोटे जास्तीचे तुकडे टाकतो, लघवी सगळ्यात जास्त तिथेच होते, ते रोज काढायचे. धुण्यातला त्रास वेगळा, केस आणि गवताच्या काड्या मशीनच्या फिल्टरमध्ये अडकल्या आणि आई एकदा चिडली, बरोबरच चिडली. आता बाल्कनीत झटकून, ब्रश मारून, जाळीच्या पिशवीत घालून धुतो.

एप्रिल लागला आहे. दुपारी हॉल २९ च्या वर गेला की पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवतो, खिडकीला वाळ्याचा पडदा, पंखा थेट अंगावर नाही. ज्वारी दुपारभर शहाबादीवर पसरलेली असते, बाजरी माठात.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पाय बघितला, डाग फिका झालाय, नवीन कातडी मऊ आहे, अजून महिनाभर बघू म्हणाले. ज्वारीचं वजन ९४० वरून ९२५, ९१०, ह्या रविवारी ९०५. हळू उतरतंय आणि तसंच हवं, एकदम उतरलं तर ते आजाराचं लक्षण असतं. बाजरी उलट ७९५ वर गेली, तिला आता दुसऱ्या जाळीतलं गवत कोणी न हटकता मिळतं.

दर रविवारी दहाच्या सुमाराला भाच्याचा फोन येतो. "मामा, आज किती?" मी दोन्ही आकडे सांगतो आणि तळव्याचा फोटो पाठवतो. त्याने वहीत दोघींच्या नावाने बार काढलेत, आठवड्याला एक, आणि रंगवतो. पहिला लाल होता. आज विचारत होता हिरवा करू का. म्हटलं पिवळाच ठेव, डॉक्टर बघू देत.